रविवारची पाणबुडी

कारखान्यातली माणसं एका टेबलाभोवती बसली की किस्से शोधावे लागत नाहीत. चहा निवायच्या आत एखादा होऊनच जातो. भोपाळच्या अयोध्या नगरमधल्या आमच्या घरात गेल्या काही महिन्यांत इतके झाले, की सोमवारी शाळेच्या स्टाफरूममध्ये मला कोणी "कशा आहात?" विचारत नाही. "काल काय झालं?" असंच विचारतात.

माझा नवरा अरविंद. इथल्या मोठ्या कारखान्यात त्याने आयुष्यभर टर्बाइन केले आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी हौस म्हणून रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीचं किट मागवलं. पाऊण मीटर लांब, खरोखर बुडी मारून वर येणारी. अर्धी जोडली आणि तो गेला.

वर्षश्राद्धाला त्याचे तीन मित्र जेवायला आले. दामले डिझाइनचे, मूळ पुण्याचे. वानखेडे फिटर, वर्ध्याचे. तिवारीजी इन्स्पेक्शनचे, पक्के भोपाळी. जेवण झाल्यावर दामल्यांची नजर कपाटावरच्या पाणबुडीच्या खोक्यावर गेली.

"वहिनी, जॉब असा अर्धवट नाही ठेवायचा. रविवारी दहाला येतो."

तेव्हापासून दर रविवारी दहाला बेल वाजते. पाणबुडी एकदा पाण्याखाली जाऊन वर यावी, असं मलाही वाटत होतं. पण ती पुरी झाली की बेल वाजायला कारण उरणार नव्हतं. हे मी कोणाला बोलले नाही.

*

पहिला रविवार स्क्रूंचा. वानखेड्यांनी तीस वर्षं मनगटाएवढे बोल्ट आवळले. पाणबुडीचा पहिला स्क्रू त्यांनी हातात घेतला, एक पीळ दिला आणि त्याचं डोकं तुटून खाली पडलं.

"हे तं टाचणी आहे जी! याले कोन स्क्रू म्हनते?"

दामले म्हणाले, "वानखेडे, तू डाव्या हाताने आवळ."

डाव्या हातानेही मोडला!

मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आला. मी डब्याचं झाकण लावावं तसे चार स्क्रू लावले. तिवारीजींनी एकेक तपासला आणि म्हणाले, "पास. आज से ये डिपार्टमेंट भाभीजी का."

*

किटबरोबर जाड मॅन्युअल आलं होतं. तिसऱ्या रविवारी दामल्यांना त्यात चूक सापडली. सुकाणूची दांडी चित्रात उलट्या बाजूला होती! त्यांनी दोन दिवस बसून सुधारित ड्रॉइंग काढलं, खाली सही केली आणि कंपनीला ईमेल केली.

उत्तर लगेच आलं. "सर, तुम्ही डाव्या बाजूचा भाग पाहत आहात. चित्र उजव्या बाजूचं आहे."

दामल्यांनी ईमेल दोनदा वाचली. मग म्हणाले, "ड्रॉइंग मात्र माझंच चांगलंय."

ते अजून आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे.

*

सगळ्यात गाजला तो प्रेशर टेस्टचा किस्सा. कारखान्यात कुठलंही भांडं प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय बाहेर जात नाही. आत पाणी भरायचं, पंपाने दाब वाढवायचा आणि कुठे गळतं का पाहायचं. तेव्हा पाणबुडीचीही टेस्ट व्हायला हवी, यावर तिघांचं एकमत झालं. हे एकमत पहिलंच!

वानखेड्यांनी हातपंप आणला. मोटार, बॅटरी सगळं काढून पाणबुडीच्या पोटात पाणी भरलं.

"नेहमीच्या दीडपट दाब," दामले म्हणाले.

"दुप्पट करू ना बा. काहून भ्यायचं?"

तिवारीजी चष्मा सावरून जोडावर वाकले. पंपाचा दांडा चार वेळा दाबला, पाचव्या वेळी फट्ट आवाज आला आणि जोड पुऱ्या लांबीने उकलला. तिवारीजींचा इस्त्रीचा शर्ट चिंब!

मी स्वयंपाकघरातून टॉवेल घेऊन आले आणि सहज विचारलं, "पण पाणबुडीला पाणी बाहेरून दाबणार ना? आतून कसं?"

वानखेड्यांनी पंप खाली ठेवला. तिवारीजी चष्मा पुसत म्हणाले, "भाभीजी, आप पहले कहाँ थीं?"

जोड पुन्हा चिकटवायला तीन रविवार लागले. मी तक्रार केली नाही.

*

मग तोल साधायचा होता. पाऊण मीटरची पाणबुडी बसेल असं घरात एकच पाणी होतं, व्हरांड्यातल्या लोखंडी कूलरची टाकी. पाणबुडी त्यात सोडली, तर शेपटी खाली आणि नाक थेट आकाशात!

"सलामी देऊन राहिली," वानखेडे म्हणाले.

नाकात शिशाचे तुकडे भरत गेलो. दुपारपर्यंत ती जवळजवळ आडवी झाली. तिवारीजी म्हणाले, "रिजेक्ट. नाक अभी भी ऊपर है."

दामले वैतागले. "अहो, करंगळीच्या नखाएवढं! जरा डोळेझाक करा ना."

"दामले साब, हम कर लेंगे. पानी नहीं करेगा."

पुन्हा तुकडे, पुन्हा टाकी. चहाचे तीन राउंड झाले.

*

आणि गेल्या रविवारी आम्ही शाहपुरा तलावावर गेलो. फिरायला आलेले लोक भोवती जमले. एका काकांनी विचारलं, "भाईसाहब, इससे मछली पकड़ेंगे क्या?"

दामल्यांनी रिमोट माझ्याकडे दिला. मी खटका खाली ओढला. पाणबुडीची पाठ ओली झाली, मग नुसती अँटेनाची काडी दिसली, मग काहीच नाही. हिरवं पाणी. मी खटका वर केला. काही नाही. वानखेडे पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले.

"वर ये गं बाई," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पार उजवीकडे, कोणी पाहत नव्हतं तिथे, ती वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वानखेड्यांनी तर काकांनाच मिठी मारली!

घरी आल्यावर तिला टेबलावर ठेवली. चहा झाला. दामले म्हणाले, "चला, जॉब पुरा झाला." पण कोणीच उठेना. मी कप गोळा करायला लागले.

तिवारीजी म्हणाले, "खोलो. अंदर से देखे बिना पास नहीं करूँगा."

वानखेड्यांनी झाकण काढलं. तिवारीजींनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला. बाहेर काढून उजेडात धरला. रुमाल कोरडा ठणठणीत होता. आम्ही चौघांनीही पाहिला.

तिवारीजींनी त्याची नीट घडी घातली, तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "लीकेज है. रिजेक्ट."

प्रत्येक रिजेक्टवर भांडणारे दामले म्हणाले, "मलाही तेच वाटलं."

"मंग रविवारी खोलू ना," वानखेडे म्हणाले. "दहा वाजता."