हार तेवढी माझी

"तू बाजूला हो रे. चुना लागंल कोटाले."

सर हे बोलले तेव्हा कॉलेजच्या पटांगणात सगळी पोरं जमलेली होती. आम्ही विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धेचा कप आणला होता. फोटोसाठी पोरांनी मला हाताला धरून मध्ये ओढलं, कपाजवळ. सरांच्या गळ्यात झेंडूचा हार. माझ्या हातावर सकाळी मैदान आखताना लागलेला चुना. तो केव्हाच वाळून गेला होता, कोटाला लागण्यासारखा नव्हता. सरांनाही ते दिसत होतं. फोटोग्राफर थांबला. मी बाजूला झालो. एकही पोरगं हसलं नाही, एवढं मात्र खरं.

मी त्या कॉलेजात मैदान सेवक होतो. कंत्राटी. गवत कापायचं, जाळी बांधायची, चुन्यानं मैदान आखायचं. आता कोणी म्हणेल, ज्याचं जे काम. तर ऐका. मी बी.पी.एड. आहे. धान कापल्यावर मोकळ्या पडलेल्या बांध्यांमध्ये अनवाणी फुटबॉल खेळून मोठा झालो, विद्यापीठाच्या संघातून खेळलो. मी अर्ज केला होता तो क्रीडा शिक्षकाच्या जागेसाठी. मुलाखतीत संस्थेच्या अध्यक्षांनी मार्क विचारले नाहीत. गाव विचारलं. मग म्हणाले, "विहाराच्या बाजूचे का?" मी हो म्हणालो. जागा त्यांच्या साळ्याला मिळाली आणि मला चुन्याची गोणी. चुना लावणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दोन्ही अर्थांनी कळलं.

तो साळा म्हणजे आमचे सर. पहिल्या वर्षी एका सामन्यात रेफ्रीनं ऑफसाइड दिला, तर सर मला विचारतात, "हा शिट्टी काऊन वाजवून राहिला?" मी समजावून सांगितलं. त्यांनी जांभई दिली. दुसऱ्या दिवसापासून पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, आपोआप आलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पहाटे साडेपाचला मैदानावर असायचो. तिरोड्याची, सालेकशाची पोरं, रानात वाढलेली, दमच लागत नाही त्यांना. पहिले आठ दिवस ती मला सर म्हणाली. मग सरांनी पोरांना बोलावून सांगितलं, "सर एकच राहते इथं. याले भाऊ म्हणा." मी तेव्हा हसलो होतो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सामन्याआधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. वर खेळाडूंची नावं, खाली एक रकाना, प्रशिक्षकाचे नाव. सर म्हणायचे, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच भर. मी भरायचो. रकान्यात सरांचं नाव, माझ्या अक्षरात. नऊ वर्षं. जिंकलो की पेपरात यायचं, सरांच्या मार्गदर्शनाखाली. हरलो की स्टाफरूममध्ये चालायचं, त्या चुनेवाल्यानं पोरं बिघडवली. म्हणजे हार दोन्हीकडे होता. जिंकल्याचा फुलांचा, तो सरांच्या गळ्यात. हरल्याची हार माझ्या.

माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. एकदा तिनं टेबलावर भरून ठेवलेला फॉर्म वाचला. म्हणाली, "हात तुमचा आन् नाव त्याचं. कायले लिवता?" मी म्हटलं, नोकरी आहे. ती तांदूळ निवडत बसली.

त्या फोटोनंतर काही महिन्यांनी आमच्या कप्तानानं मला मोबाइलवर एक यादी दाखवली. सालेकशाकडचं गोंडाचं पोरगं, गोलकीपर, सरळ बोलणारं. यादी होती अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉल संघांची, त्यांच्यातल्या सगळ्यात यशस्वी प्रशिक्षकांची. तिकडं फुटबॉलला सॉकर म्हणतात. प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलेलं: इतकी वर्षं, इतके जिंकले, इतके हरले, इतके बरोबरीत. काहींनी तर एकाच कॉलेजात उभा जन्म घातलेला. जिंकलेल्या आकड्यांकडं माझं फारसं लक्ष गेलं नाही. मी हरलेल्यांचा रकाना पाहत बसलो. एवढे मोठे लोक, तेही हरले होते, पुष्कळदा. आणि ते हरणं त्यांच्या जिंकण्याच्या शेजारीच लिहिलेलं होतं, एकाच नावापुढं, एकाच ओळीत.

"भाऊ, तुमचे किती?" त्यानं विचारलं.

"हारलो तेवढे माहे."

वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "मंग जिंकलो ते कोणाचे? आमाले तं तुमीच शिकवलं."

मला राग आला. सरांचा आलाच, पण त्याहून जास्त माझ्या उजव्या हाताचा आला. नऊ वर्षं त्यानंच लिहिलं होतं ते नाव.

पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना. समोर नागपूरचा तगडा संघ. आमची तीन पोरं तापानं फणफणलेली. सरांनी सगळं पाहिलं, गॉगल लावला आणि मला म्हणाले, आज तुझंच नाव टाक, मला गोंदियाला काम आहे. का ते मला कळत होतं. पोरांनाही कळत होतं. मी फॉर्म घेतला आणि त्या रकान्यात पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. आडनावासकट, पूर्ण लिहिलं.

आम्ही एक-शून्यनं जिंकलो.

बातमी सरांना कोणी कळवली माहीत नाही. बक्षीस समारंभाआधी त्यांची गाडी मैदानात शिरली. फॉर्म टेबलावरून उचलून त्यांनी माझ्यापुढं धरला, वर पेन.

"खोड. माहं नाव लिव. अक्षर तुहंच असू दे."

पोरं भोवती उभी होती. मी पेन घेतलं नाही.

"नाही खोडत. हारलो असतो तं ठेवलंच असतं ना तुमी."

"जरा जवळ केलं का डोक्यावर बसता तुमी लोक."

तुमी लोक. या दोन शब्दांत काय काय असतं, ते आमच्या वस्तीत कोणालाही विचारा. मी म्हटलं, "हो. आमी लोक." आणि फॉर्म त्यांच्या हातातून काढून पंचांना दिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पुन्हा 'सरांच्या मार्गदर्शनाखाली' असंच छापून आलं. महिनाअखेर माझा करार संपला आणि पुढं वाढवला नाही. कारण लिहिलं, बेशिस्त वर्तन. कप्तान भेटायला आला, तो मला सर म्हणाला. मी त्याला म्हटलं, भाऊच म्हण, आता त्या शब्दाची हौस राहिली नाही.

आता मी गावाच्याच बांधीत शिकवतो. आमच्या वस्तीची पोरं, शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची पोरं. परवा तालुक्याच्या खुल्या स्पर्धेत आमचा पहिलाच सामना पडला तो त्याच कॉलेजशी. तीन-एकनं हरलो. सर मांडवात बसून होते, गळ्यात हार. पंचांनी फॉर्मवर माझ्या नावापुढं लिहिलं, पराभूत. लिहा म्हटलं. ही हार माझीच आहे.

कॉलेजच्या कपाटात इतक्या वर्षांचे कप आहेत. ते मला मागायचे नाहीत. पण ज्याला खरं पाहायचं असेल त्यानं ते जुने फॉर्म काढावेत आणि अक्षर पाहावं. रकान्यात नाव कोणाचंही असो, अक्षर माझं आहे. या हातानं मी अजूनही चुन्यानं मैदान आखतो, पुढंही आखीन. पण त्या रकान्यात दुसऱ्याचं नाव हा हात आता लिहिणार नाही.