चार तोफा कमी

शनिवार, १४ जून २०१४. मागितलेली किंमत २२० डॉलर. सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं होतो: मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि जहाज विकणारे मल्याळी अंकल. महिनाअखेरीस ते मुलाकडे राहायला जाणार होते. तिथे जहाजाला जागा नव्हती. कोणी नेलं नाही तर ते कचऱ्यात जाणार, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

जहाज लाकडी, तीन फुटी. इंग्रजांच्या अगदी सुरुवातीच्या शिडाच्या युद्धनौकांपैकी एकीची प्रतिकृती. पूर्ण असल्याचं जाहिरातीत लिहिलं होतं, म्हणून मी मोजलं.

"तोफांच्या खिडक्या चाळीस आहेत, तोफा छत्तीस," मी म्हणालो. "वीस डॉलर कमी करा."

"अहो, चार तोफांवरून कसली घासाघीस," बायको मराठीत पुटपुटली.

"बाबा, सो एम्बॅरसिंग लाह," मुलगी म्हणाली.

अंकल आत गेले आणि एक पत्र्याची डबी घेऊन आले. डबीत कापसावर चार तोफा होत्या.

गोदीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे जहाज बांधलं होतं, मूळ जहाज अगदी नवं होतं तेव्हा जसं दिसायचं तसं. मग त्या मूळ जहाजाच्या आरमारातल्या नोकरीत जे जे घडलं, ते वाचून त्याच क्रमानं यावर करत गेले. तिकडे दुरुस्ती निघाली की इकडे त्यांनी बाजू कापून नव्या फळ्या बसवल्या. तिकडे तोफा वाढल्या, इकडेही वाढल्या.

"म्हातारपणी त्याला वजन पेलेना. पुढच्या चार उतरवल्या. मीही उतरवल्या." त्यांनी डबी मिटली. "तुम्ही त्या परत बसवाल. मग राहू दे. मला विकायचं नाही."

"नाही बसवणार," मी म्हणालो. "मोजण्यात चूक नव्हती, समजण्यात होती."

अंकलनी जहाजाच्या फळ्यांवरून हात फिरवला. "शेवटी ते मूळ जहाज मोडून लाकूड विकलं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही."

"वी आल्सो वोन्ट ब्रेक इट," मुलगी म्हणाली.

अंकलनी डबी तिच्या हातात दिली. माझ्या नाही.

जहाज चादरीत गुंडाळून खाली आणायला वीस मिनिटं लागली. पूर्ण २२० डॉलर अंकलना दिले आणि पुंगोलच्या आमच्या घरापर्यंतचे ३५ व्हॅनवाल्याला.