डावखुरी हडळ

बारामतीच्या एसटी स्टँडवर मला स्वारगेटच्या गाडीत बसवलं, तरी आई काही खाली उतरेना. कंडक्टर बोलून दमला. ही आपली माझ्या शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. खाली तात्या, म्हणजे माझे वडील, गाडीच्या टायरकडं बघत उभे. ट्रॅक्टरवर जन्म गेलेल्या माणसाला रडू आलं की तो टायर तपासतो. मग आईनं माझा हात धरला आणि पुढं काय काय होणार ते सांगायला लागली.

"हे बघ शैले. आधी लई रडशील. मग थंडीनं हैराण व्हशील. मग तितलं जेवान तोंडाला लागंल. आन एक दिस असा यील, हिकडं यावंसंच वाटनार न्हाय. तवा घाबरू नको. तसं व्हतंयच."

एवढं सांगून ती उतरली आणि मागं वळून न बघता तात्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इकडं परदेशात, विनिपेगला आल्यावर सगळं अगदी त्याच क्रमानं झालं. चौथं झालं तेव्हा मी बर्फ काढत होते, आणि खरं सांगते, तिनं आधी सांगितलं नसतं तर मला स्वतःची लाज वाटली असती.

ही तिची सवय भुताच्या पिक्चरमुळं लागलेली. आमच्या पणदऱ्याच्या जत्रेत पडद्यावरचा पिक्चर यायचा. तात्या दोन ट्रॉल्या समोरासमोर उभ्या करून त्यांच्यामध्ये पांढरं कापड ताणून बांधायचे. पुढच्या बाजूला गडीमाणसं आणि बायका सगळ्या पडद्याच्या मागं. कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण तशीच रीत होती. पोरासोरांसकट बायका मागून बघायच्या. पिक्चरमधली नावं आम्हाला उलटी दिसायची, पण निम्म्या जणींना वाचताच येत नव्हतं, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

आईचं माहेर इंदापूरकडचं. तिकडची जत्रा आमच्या आधी, त्यामुळं तो पिक्चर तिनं तिथं आधीच बघितलेला असायचा. तिथंही अर्थात मागूनच. मग आमच्या जत्रेत बायका तिच्याभोवती कोंडाळं करून बसायच्या, कारण भूत यायच्या आधी ती हळूच सांगायची, "आता येतंय बघा. हात धरा." सगळ्या एकमेकींचे हात धरायच्या, भूत यायचं, आणि बायका खुदुखुदु हसायच्या. पुढं बसलेले पैलवानगडी मात्र दचकून ओरडायचे. आई म्हणायची, "आधी सांगितलं की भूत निम्मं व्हतंय."

सगळ्यांत लाडका पिक्चर होता तो वाड्यातल्या हडळीचा. पांढरं लुगडं, हातात दिवा, आणि विहिरीच्या काठावर ती म्हणते ते गाणं. ते गाणं आमच्या आळीतल्या बाया शेण काढतानासुद्धा गुणगुणायच्या. मी तो पिक्चर बघितला असं म्हणवत नाही, कारण माझं तोंड आईच्या पदरात. मला आठवतो तो आईच्या तोंडचा पिक्चर. त्यातली एक गोष्ट तर माझ्यासाठीच होती. मी डावखुरी. आमच्या आत्याबाई मी डाव्या हातानं घास घेतला की चमच्यानं हातावर फटका द्यायच्या. एकदा आई त्यांना म्हणाली, "वन्सं, ती पिच्चरमदली हडळबी डाव्याच हातात दिवा धरती. तिला सारं गाव भितंय. माझ्या पोरीला जेवू द्या." आत्याबाईंनी चमचा खाली ठेवला. त्या दिवसापासून मी बिनधास्त डाव्या हातानं जेवले. मोठी झाल्यावर मला वाटायचं, ही आईनं माझ्यासाठी मारलेली थाप असणार. किती गोड थाप, असंही वाटायचं.

मग टीव्ही आला, दर आठवड्याची भुताची मालिका आली. माळेगावात कारखान्याच्या कॉलनीत मावशीकडं ती बघायला आम्ही जायचो. नुसतं सुरुवातीचं म्युझिक लागलं तरी मावसभाऊ कॉटखाली जायचा. पण आईला टीव्हीत राम वाटला नाही. पुढचं कुणालाच माहीत नसतं, मग हात कधी धरायचा, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी तात्या गेले. यंदाच्या उन्हाळ्यात मी आईला इकडं आणलं, कायमचंच आणलं असं मनात धरून. आणि ती बोलेनाशी झाली. भांडण नाही, रुसवा नाही. खायची, स्वेटर घालून खिडकीत बसायची, विचारलं तर "बरं हाय" म्हणायची. पुढचं काही म्हणून सांगायची नाही. जिनं जन्मभर सगळ्यांना आधी सांगितलं, तिला तात्यांचं जाणं कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते माझ्या लक्षात येत होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं.

आमच्या इथल्या गल्लीत हॅलोविनची एक छान पद्धत आहे. पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं गोळा करून आली की सगळे एका घरापुढं जमतात, आणि त्या घरानं आपला आवडता भुताचा पिक्चर दाखवायचा. समोरच्या मार्गारेटबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. पिक्चरच्या आधी त्या आपली लाडकी भेसूर गाणी लावतात आणि स्वतःच शहारतात. माझी लेक ईरा बंद शाळेतल्या भुतांच्या एका मालिकेवर जीव टाकते. या वर्षी पाळी आमची होती. मी शोधून शोधून तो हडळीचा पिक्चर काढला, खाली उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरांसकट. म्हटलं, आई खूश होईल.

आधी तिला एकटीला टीव्हीवर लावून दाखवला. थोडा वेळ बघितला आणि ती उठली.

"ह्यो त्यो पिच्चर न्हाय."

मी म्हटलं, अगं तोच आहे, गाणं ऐक. ती म्हणाली, गाणं तेच हाय, पण बाई ती न्हाय. ती डावखुरी होती. आणि ती विहिरीच्या ह्या अंगानं यायची, त्या अंगानं नाही. मी परत लावून दाखवलं. पडद्यावर हडळीनं दिवा उजव्या हातात धरलेला, अगदी स्वच्छ. आई माझ्याकडं बघत राहिली आणि मग स्वतःच घाबरली. "मग माजंच डोस्कं फिरलं आसंल," असं म्हणून खोलीत गेली.

नवरा म्हणाला, या वयात विसरायला होतं, डॉक्टरला दाखवू. तो काही वाईट बोलला नाही. पण माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की आई हातातनं निसटत चालली, आणि मी तिला तिच्या बायकांतनं उचलून इथं आणून बसवली. हॅलोविनचा कार्यक्रम रद्दच करणार होते. ईरानं करू दिला नाही.

तर त्या संध्याकाळी साडेसहाला अंधार पडला. आम्ही गॅरेजचं दार वर करून त्या चौकटीत चादर बांधली. प्रोजेक्टर बाहेर ड्राइव्ह-वेवर, तिथंच सगळ्यांच्या खुर्च्या, कोट-टोप्या, गरम कोको. आईला बाहेरची थंडी सोसणार नाही म्हणून हीटर लावून गॅरेजमध्येच बसवली. चादरीच्या मागं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, एवढंच की ती गारठू नये.

पिक्चर सुरू झाला. विहिरीचं गाणं लागलं. आणि चादरीमागून आईचा आवाज आला, मोठ्यानं, पणदऱ्यातला.

"शैले! हिकडं ये! हीच ती!"

मी धावत आत गेले. चादरीवर हडळ चालत येत होती, आई म्हणाली होती त्याच अंगानं. दिवा डाव्या हातात.

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. आईचं काही बिघडलं नव्हतं. थाप तर नव्हतीच नव्हती. तिनं जन्मात पुढून पिक्चर बघितलाच नव्हता, ना पणदऱ्यात, ना इंदापुरात. मला हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात. आई मात्र कामाला लागली होती. हात वर करून म्हणाली, "गप. आता येतंय बघ."

ईरा आत आली. तिच्यामागं चेटकिणीच्या टोप्या घातलेल्या दोन पोरी आल्या. मग मार्गारेटबाई आपली खुर्ची घेऊनच आल्या आणि आईला खेटून बसल्या. मराठीचं अक्षर कळत नसताना आईनं हात धरला की त्यांना कळायचं, आता भूत. बाहेर बाप्ये दचकून ओरडत होते आणि आत बायका हसत होत्या. आईला असं हसताना मी तात्या गेल्यापासून बघितलं नव्हतं. देवाचे, त्या थंडीचे आणि या गल्लीचे किती आभार मानू असं झालं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी चादरीची घडी घालत होतो. टोकाला टोक मिळवताना आई जवळ आली आणि चादर तशीच धरून बोलायला लागली. स्टँडवर बोलली होती तशी.

"शैले, आता सांगते त्ये ऐक. थंडी सरली की मी जानार. तू आधी चिडशील. मग गुपचूप रडशील. मला तितं घर खायला उठंल, पर माझ्या बायका हायत, त्या हात धरतील. म्होरं कवातरी तुला एक फोन यील. त्यो कसला, त्ये तुला कळतंय. तवा धावत यायचं न्हाय. हितंच पोरीपाशी बसायचं. भ्यायचं ते आजच भिऊन घे, मी हाय तवर."

मला तिला थांबवायचं होतं. कायमचं राहा म्हणायचं होतं. पण इतक्या महिन्यांनी ती पुढचं सांगत होती, आणि आईनं पुढचं सांगितलं की मला घरी असल्यासारखं वाटतं. मग ते पणदरे असो नाहीतर विनिपेगचं गॅरेज. मी नाही म्हटलं नाही.

"हात दे हिकडं," ती म्हणाली.

मी दिला. डावा.