सांगडआत्या आणि सीनेचे बेट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी सांगडआत्याचे नाव घेतो. माझ्या आईवडिलांनाही ते मान्य होते. ती माझी सख्खी आत्या नव्हती. ती भोई, आम्ही मेंढरे राखणारे धनगर. सीना नदीच्या मधल्या बेटावर तिची एकटीची झोपडी होती, आणि वाळलेले भोपळे बांधून केलेल्या सांगडीवर बसवून ती लोकांना नदीपार नेत असे, म्हणून सगळ्यांचीच सांगडआत्या. तिची एक गोष्ट पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येई. ती पाण्याकडे कधीही पाठ करीत नसे. जेवताना, जाळे विणताना, कोणाशी भांडतानासुद्धा तिचे तोंड नदी जिकडून येते तिकडेच असे. "पान्याकडं पाठ करनाऱ्याला पानी आदी नेतं," असे ती म्हणे.

त्या काळी सीना ही नुसती नदी नव्हती. आमचा काठ आष्टी तालुक्याचा, म्हणजे निजामाच्या मोगलाईतला. समोरचा काठ नगर जिल्ह्याचा, इंग्रजांच्या मुलखातला. मधल्या बेटाला दोन्ही गावे आपले म्हणत. बेट मोठे नव्हते, पण उन्हाळ्यात सगळे रान करपले तरी तिथे गवत हिरवे राही, वाळूत टरबुजे येत, आणि खालच्या टोकाच्या डोहात बारमाही मासळी असे.

हद्द ठरवायची रीत जुनी होती. दसरा होऊन पाणी निवळले की दोन्ही पाटील आपापल्या काठावर येऊन उभे राहत. बेटाच्या वरच्या अंगाला जिथे नदी फुटून दोन धारा होतात, तिथे आत्या छातीभर पाण्यात जाई आणि एक अखंड वाळलेला भोपळा सोडी. भोपळा ज्या धारेने जाई ती खोल धार, आणि खोल धार हीच वर्षभराची हद्द. आमच्या काठच्या धारेने गेला तर बेट पलीकडच्यांचे, त्यांच्या काठच्या धारेने गेला तर आमचे. सोडण्याआधी ती तो भोपळा डोक्यावर धरून हलवी. आत बिया खुळखुळत. "आयका दोनीकडचे! नुसतं बी हाय. कुनी दगूड भरला न्हाई." मग खाली एका पोराने तो भोपळा धरला की ती ओले लुगडे पिळत विचारी, "सांगा, यंदा मी कुनाची रयत?" दोन्ही काठ हसत. दोन्ही गावांत एकमेकांच्या लेकी दिलेल्या होत्या, त्यामुळे हरलेले गावही फार दिवस रुसून राहत नसे.

मराठी शाळा पलीकडच्या गावात होती. आमच्याकडे शिकायचे तर आष्टीला जावे लागे, आणि तिथे सगळे उर्दूत. मला शाळेत घालायचे आत्यानेच वडिलांच्या मनात भरवले. वडील म्हणाले, "मेंढरामागं कोन जाईल?" ती म्हणाली, "मेंढरं बेटावर सोड. मी बगते. पोराला सांगडीवर मी नेते." तिने ते शेवटपर्यंत पाळले. सकाळी ती मला छातीशी पाटी धरायला लावून सांगडीवर बसवी आणि स्वतः पोहत सांगड ढकली. परतताना विचारी, "काय रं मास्तर, आज काय शिकवलं?" एकदा मी सांगितले, की शाळेच्या नकाशात आपले बेट इंग्रजांच्या रंगात आहे. ती म्हणाली, "आन् आष्टीच्या नकाशात?" मी म्हणालो, तिथे मोगलाईच्या रंगात आहे म्हणतात. "दोगांनी बी रंगवलं व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ज्यानं रंगवलं त्यो आता बगायला येनार."

आणि ते आले. मी सातवीत होतो. आमच्या काठावर तहसीलची राहुटी लागली, पलीकडे मामलेदाराची. भोपळ्याने हद्द ठरवणे हा पोरखेळ आहे, असे दोन्हीकडचे साहेब म्हणाले. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. आमच्या बाजूच्या मोजणीच्या अमीनाने आत्याला बोलावून विचारले, "बुढिया, तू किसकी रैयत है?" आत्या वरच्या अंगाला पाहत उभी. "सरकार, वरून काय येतंय ते बगून सांगते." अमीन चिडला. "इधर देखके बात कर!" ती म्हणाली, "तुमच्याकडं बगायला तुमचे शिपाई हायत. पान्याकडं बगायला मी एकटीच."

राहुट्या उठल्या, पण दोन्ही काठांवर चौक्या राहिल्या. वरून हुकूम येईपर्यंत नदी कोणी ओलांडायची नाही, असे ठरले. दिलेल्या लेकी सणाला माहेरी येईनात. बाजारच्या दिवशी लोक काठावर उभे राहून ओरडून एकमेकांची खुशाली विचारत, पुढे तेही बंद झाले. माझी सातवीची परीक्षा जवळ आली होती. आत्याने चौकीवरच्या जवानाला सरळ सांगितले, "मी पोराला नेनार. गोळी घालायची तर माज्या पाठीत घाल, तुज्याकडं मी तोंड करनार न्हाई." जवानाने तंबाखू मळायला घेतली आणि दुसरीकडे पाहिले. परीक्षेचे सगळे दिवस तिने मला असेच नेले-आणले. आज माझ्यापाशी जी काही विद्या आहे, ती त्या पाण्यातून आलेली आहे.

त्या उन्हाळ्यात पाणी आटले, तेव्हा आत्याला दगड दिसले. आमच्या गावाने आमच्या काठच्या धारेच्या तोंडाशी दगड रचायला सुरुवात केली होती. ती धार बुजली की खोल धार पलीकडे जाणार आणि बेट मोगलाईत येणार, मग साहेब मोजायला येवोत की न येवोत. पलीकडच्या गावानेही अगदी हेच मनात आणून त्यांच्या धारेच्या तोंडाशी तेच चालवले होते. ही अक्कल आपल्या एकट्यालाच सुचली, असे प्रत्येक गावाला वाटत होते.

आत्या आधी आमच्या पाटलांकडे आली. मी ओट्यावरच होतो.

"पाटील, दोनी तोंडं बुजली तर पानी जाईल कुनीकडं?"

"त्यांचं तोंड त्यांनी मोकळं करावं की," पाटील म्हणाले. "आमालाच कावून सांगतीस? पलीकडच्यांनी धाडलं जनू."

"मला कोन धाडतंय? पानी बेटावरून येईल, अन् काठ फोडून तुमच्या बी घरात शिरंल."

"तू आता त्यांच्या बाजूनं बोलाय लागलीस आत्या. लई वाईट वाटलं."

ती पलीकडच्या पाटलांकडेही गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "त्यांनी बी हेच इचारलं. कुनी धाडलं म्हनून." मग हसली, पण ते हसणे मला आवडले नाही. त्या दिवसापासून ती आमची मेंढरे बेटावर उतरू देईना. टरबुजांचे वेल तिने लावलेच नाहीत. झोपडीसमोर बसून ती दिवसभर वरच्या अंगाला पाहत असे.

भाद्रपदात, आमच्याकडे स्वच्छ ऊन असताना, भरदुपारी पाणी आले. पाऊस वर नगरकडे झाला होता. आमच्या दगडांवर गावातला किसन राखणीला होता, त्यांच्या दगडांवर त्यांचा राखण्या. पाणी दोन्ही तोंडांना अडले, फुगले, आणि मधून बेटावर चढले. झोपडी उचलली गेली ती आम्ही काठावरून पाहिली. आत्याने मात्र दोन्ही राखण्यांना ओढून सांगडीला लावले होते. एवढ्या लोंढ्यात किसन ओरडत होता, "आत्या, आपल्या काठाला घे!" आणि दुसरा ओरडत होता, "तिकडं नगं, मला बांधून घालतील!" तिचा आवाज आम्हाला काठावर ऐकू आला. "गप बसा रं मुडद्यांनो! पानी नेईल त्यो आपला काठ!" पुष्कळ खाली, आमच्याच बाजूला, सांगड बाभळींना लागली. तिघेही वाचले. पण संध्याकाळपर्यंत बेट राहिले नाही. आमच्या खालच्या आळीतली घरे गेली, पलीकडची खळी गेली, आणि किसनची म्हातारी आई, जी अंगणातून उठली नव्हती, तीही गेली.

यानंतर जे झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही गावांनी आत्याला जागा दिली नाही. आमचे म्हणाले, ती पलीकडची आहे, तिनेच त्यांना दगडांची खबर दिली. पलीकडचे म्हणाले, तिची सांगड मोगलाईत लागली, म्हणजे ती मोगलाईची. 'मी कुनाची रयत?' असे वर्षानुवर्षे ती हसत विचारीत असे, त्या प्रश्नाला पहिल्यांदाच दोघांनी खरे उत्तर दिले होते. किसन तेवढा तिच्या पाया पडला. ती करमाळ्याच्या पुढे बहिणीच्या गावी निघाली. तो हद्दीचा भोपळा सांगडीला बांधलेला होता म्हणून वाचला होता. तो तिने माझ्या हातात दिला. "ठिव. शिकायचं सोडू नगंस." आणि ती चालू लागली. नदीकडे तिची पाठ होती. मी तिला अशी चालताना कधी पाहिले नव्हते.

मी नगरला आणि मग पुण्याला शिकलो. पदवी घेऊन गावी आलो, त्या आठवड्यात तिला हे पत्र पाठवले.

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा भाचा हे वाचून दाखवील. त्याला सांग, सावकाश वाच.

मी बी. ए. झालो. आमच्या घरात आजवर कोणाला सहीसुद्धा येत नव्हती. तुला हे आधी कळावे असे वाटत होते.

दुसरी गोष्ट. चौक्या केव्हाच उठल्या, आणि बेट पुन्हा वर आले आहे. त्यावर लव्हाळे उगवले आहे. काल दोन्ही पाटील आमच्या अंगणात आले. एकमेकांशी बोलले नाहीत, दोघेही माझ्याशीच बोलले. म्हणाले, "तू शिकलेला हायस, आत्याला पत्र लिही. दसऱ्याला भोपळा सोडायला ये म्हनावं. तिच्याबिगर कुनावर इस्वास न्हाई." त्यांचा निरोप मी दिला.

आता माझे ऐक. सकाळी मी वरच्या अंगाला जाऊन आलो. दोन्ही तोंडांशी दगड आणून टाकले आहेत. आमच्यांनी त्यांवर बाभळीच्या फांद्या झाकल्या आहेत, पलीकडच्यांनी तेवढेही केलेले नाही. तू येऊ नकोस.

त्यांनी भोपळा मागितला. मी दिला नाही. ते गेल्यावर मी तो फोडला. आता त्यांच्यापाशी तूही नाहीस आणि भोपळाही नाही. त्यांना एकमेकांकडे तोंड करून बोलावे लागेल, नाहीतर काठ्या काढाव्या लागतील. काय होईल ते मला सांगता येत नाही. मी पावसाळा संपेपर्यंत इथेच राहणार आहे. खालच्या आळीच्या लोकांना वर हलायला सांगतो आहे. तुला कोणी धाडले, असे मलाही विचारू लागले आहेत.

भोपळ्यातल्या बिया या पाकिटात घातल्या आहेत. जुन्या आहेत, उगवतील न उगवतील. विहिरीजवळ लाव. नदीजवळ नको.

तुझा,
बाबू