मुठीतलं गवत

ओल्या गवताचा वास आला की माझी मूठ आजही आपोआप आवळते. कॉलेजात असताना पन्हाळा उतरून आम्ही मित्र गावोगाव चालत निघालो होतो. कासारी नदीच्या अरुंद बंधाऱ्यावर मधोमध खालचं पाणी दिसलं आणि माझं पाऊल पुढं पडेना. बाकीचे केव्हाच पलीकडे पोचले होते. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. "थांबलायसा का, पावणं? चला की!" मग माझा चेहरा बघून ती भाऱ्यासकट मागं वळली. "धरा ह्ये गवत, आन् खाली बघू नगा." लोंबती पाती धरून मी तिच्यामागं काठावर पोचलो आणि मातीत मटकन बसलो. जिवात जीव आला. मूठ उघडली तर तुटलेली चार पाती. आभार मानायला वर पाहिलं, तर ती पुन्हा बंधाऱ्यावर, माझ्यामुळं अर्धी राहिलेली वाट धरून निघालेली.