नसलेला वण

सकाळी पोळ्या करत होते तेव्हा गजाननभाऊजींचा फोन आला. "वैनी, सिंधू गेली. आंगनात बसली होती, बसल्या बसल्याच..."  तव्यावरची पोळी करपून धूर झाला तरी मी फोन धरूनच उभी होते. सिंधू माझी चुलत जाऊ. कळंबजवळच्या आमच्या गावात तिच्या-माझ्या घरात फक्त एक कुडाची भिंत, आणि त्या भिंतीलाही हात जाईल एवढं भोक होतं. विरजण, काडेपेटी, मीठ-मिरची त्यातूनच इकडून तिकडे जायची. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मी यवतमाळला मुलाकडे राहायला आले आणि इथल्या पेपरात अधूनमधून लिहू लागले. ती म्हणायची, "बाई, तुमी गेल्या अन भोकातून निस्ता वारा येते." वयानं मी मोठी, म्हणून ती मला बाई म्हणायची. मी तिला सिंधूच म्हणत आले.

गावी पोचले तेव्हा बायका माझ्यासाठीच थांबल्या होत्या. आमच्या घरात सवाशीण गेली की शेवटची आंघोळ जावांनी घालायची असते. दोघींनी लुगड्याचा आडोसा धरला, एकीनं गरम पाणी दिलं आणि मी हळद लावू लागले. कपाळ, गळा, हात... आणि मग पोट. बेंबीखाली माझा हात थांबला. माझ्या पोटावर तिथं मूल बंद करायच्या ऑपरेशनचा बोटभर आडवा वण आहे. तिच्या पोटावर बाळंतपणांच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या होत्या. मी बेंबीच्या कडेनं बोट फिरवून पाहिलं. दुर्बिणीचं ऑपरेशन असलं तरी तिथं बारीकशी खूण राहते, हे नोकरीत इतक्या बायकांची पोटं बघून मला पक्कं ठाऊक होतं. तिथंही काही नव्हतं. "काय झालं वं?" आडोसा धरलेल्या एकीनं विचारलं. मी पाणी ओतलं आणि हिरवं पातळ तिच्या अंगावर ओढून घेतलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला मी रडत नव्हते. प्रेताजवळ बसून मी हिशेब जुळवत होते, की ऑपरेशन झालंच नव्हतं तर धाकट्यानंतर हिला पुन्हा दिवस कसे गेले नाहीत? नको नको ते मनात येऊन गेलं. त्याची लाज अजून वाटते.

आता मागचं सांगायला हवं. तिचं आणि माझं ऑपरेशन एकाच हिवाळ्यात, एकाच आठवड्यात झालं. निदान मी इतकी वर्षं तसंच समजत होते. मी कळंबला शिबिरात गेले. सिंधूला धाकट्याचं बाळंतपण फार जड गेलं होतं, म्हणून भाऊजी तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक. पोटाला पट्टी गुंडाळलेली, बाजेवर आडवी पडलेली. सासूबाईंनी दोघींना गूळ-तुपाचा शिरा करून घातला. त्याच दिवसांत गजाननभाऊजींना मांडीत केसतूड झालं आणि ते फेंगडे चालत फिरू लागले. सगळ्या आळीनं त्यांची टर उडवली, "बायकोचं ऑपरेशन, अन नवऱ्याले केसतूड!" मीही पोटावर उशी दाबून हसले होते, हसताना टाके ओढले जायचे म्हणून. भाऊजी मान खाली घालून ओसरीत बसून राहायचे आणि सिंधू आतून ओरडायची, "हसा नोका त्यायले, लय ठनकते त्यायचं!"

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडअळीनं खाऊन उरलेला कापूस झाडावर फुटलेला, आणि मजूर लावणं कुणालाच झेपत नव्हतं. म्हणजे वेचणी घरच्या बायकांनीच करायची. वेचणीला कमरेला फडक्याची ओटी बांधतात. वेचलेला कापूस तिच्यात जातो आणि ओटी भरत जाते तसतसं सगळं वजन खालच्या पोटावर लोंबतं. ऑपरेशनच्या टाक्यांवरच नेमकं! ही शिबिरंही नेमकी वेचणीच्याच दिवसांत लागायची. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी कधी ओटी बांधली नसावी. शिबिरात सांगितलं होतं, जड उचलू नका. कापूस जड असतो हे कुणाला सांगून पटणार? एकेक बोंड तर फुंकरीनं उडतं.

सिंधू थोड्याच दिवसांत उठली आणि ओटी बांधून शेतात गेली. मी गेले ती शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले. टाक्यांत पू झाला होता, कंबर धरली होती, ओटी अर्धी भरली की पोटात असं ओढायचं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. सासूबाई काही वाईट बाई नव्हत्या, पण त्यांना समोर दिसत होतं तेच त्या बोलत होत्या. "सिंधूले पाह्य वं जरा. तिचंबी पोट फाडलंच ना? तुलेच काहून जड जाऊन राह्यलं?" यांनीही एकदा जेवता जेवता तेच म्हटलं. मी ताटावरून उठले नाही, पण घास फिरत राहिला. दुखण्यापेक्षा लाज जास्त होती. आपलं अंगच खोटं आहे, आपण कामचुकार आहोत, आईनं आपल्याला नाजूक वाढवून बिघडवलं, असं मला मनापासून वाटू लागलं. सिंधू आपली ओळ, आपली पात संपवून माझ्या पातीला लागायची. माझ्या घरचं पाणीही तीच भरायची. ती जितकं माझं काम करी तितकी लोक तिची वाहवा करत आणि तितकी मी लहान होत जाई. एक दिवस मी तिच्यावर चिडलेच. "कायले करतं वं माह्यं? मले बोलनी बसावी म्हनून?"  ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करत ती म्हणाली, "बाई, माह्यावरून माप नोका लावू. तुमचं दुखते तर दुखते. झोपून राहा." मला वाटलं, चांगुलपणा मिरवते आहे.

पुढं मी अंगणवाडीत लागले. मुलांच्या खिचडीबरोबर ऑपरेशनच्या बायकांना समजावणं, त्यांना घेऊन जाणं, आणणं हेही माझ्याकडे आलं. बायका मला विचारायच्या, किती दुखते? कधी कामाला जाता येते? माझ्या पोटावर वण होता. थंडीत तिथं अजून ओढ लागत होती. आणि मी काय सांगत होते? "आमच्या सिंधूले पाह्य. पट्टी सुटली न सुटली तं ओटी बांधून गेली. मनावर असते बाई सगळं." सासूबाईंचंच वाक्य, फक्त माझ्या तोंडात ते जरा शिकलेलं वाटायचं. मी खोटं बोलत नव्हते. माझं पोट हा अपवाद आणि सिंधूचं पोट हा नियम, असं मी खरोखरच धरून चालले होते. स्वतःच्या पोटावर मी विश्वास ठेवला नाही, तिच्या पोटावर ठेवला. आणि तेच माप गावातल्या बाईबाईला लावत गेले.

त्यातली एक पारू, तांड्यावरची. हसरी, काटक बाई. ऑपरेशनहून आणल्यावर ती म्हणाली, "बाई, आत आग आग होऊन राह्यली." मी तिला सिंधूची गोष्ट सांगितली. बिचारी माझ्या शब्दावर उठून वेचणीला गेली आणि टाके उसवले. पुन्हा दवाखाना, पुन्हा शिवणं, आणि मग सगळा हंगाम अंथरुणात. ते कळल्यावर सिंधू भिंतीच्या भोकाशी आली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "बाई, आजपासून माह्यं नाव कोनाले सांगायचं नाही. शपथ हाय तुमाले." मी म्हटलं, "अवं, कवतिकानंच सांगतो ना." त्यावर ती पाठ फिरवून निघून गेली. तो सगळा हंगाम ती आपलं शेत आटोपलं की तांड्यावर जायची, पारूचा कापूस वेचायची, तिची लेकरं न्हाऊ घालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरीशी जमते माह्यं." लोक म्हणाले, सिंधूबाई म्हणजे देवमाणूस. मीही म्हणाले.

तेरावं झालं. पाहुणे पांगल्यावर मी गजाननभाऊजींजवळ बसले.  शेवटी म्हटलं, "भाऊजी, मी तिले आंघोळ घातली..." त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते गुडघ्यात डोकं घालून बसले.

"माह्यं झालतं, वैनी," ते म्हणाले. "डॉक्टरनं तिचं रगत तपासलं. म्हने हिच्या आंगात रगतच नाही, हिले टेबलावर घेता येत नाही, अन पुन्ना दिवस गेले तं वाचनार नाही. मी म्हनलं, मंग माह्यं करा. तवा काही वाटलं नाही मले. बाहीर आल्यावर भेव वाटलं. गावात कसं जाव? पानठेल्यावरचे लोक जगू देतीन का? तिनंच म्हनलं, माह्यं झालं म्हनून सांगू. यष्टीत बसाच्या आंधी दुकानातून पट्टी घेतली, अन तिथंच बाकावर बसून पोटाले गुंडाळली तिनं."

"अन केसतूड?" मी विचारलं.

"तो बहानाबी तिनंच काढला." ते हसले, आणि हसता हसताच रडू लागले. मीही. अंगात रक्त नसलेली ती बाई, नवऱ्याची अब्रू पोटावर बांधून, आपली आणि माझी, दोघींची पात वेचत होती... आणि आम्ही तिला पोलादी म्हणत होतो.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "पारूचं झालं तवा ती म्हने, आता सांगून टाकू. बायका मरतीन माह्या पायी. मी नाही म्हनलं, वैनी. पोरीचं लगन व्हायचं हाय म्हनलं. मंग लगन झालं, तरी नाहीच म्हनलं. तिनं पुन्ना कई विचारलं नाही." मग डोळे पुसून मान वर केली. "तुमी लिहिता ना पेपरात? लिहा. माह्यं नाव घालून लिहा. मी तिच्या पोटामागं लपलो व्हतो, असं लिहा." म्हणून हे लिहिते आहे. निघताना त्यांनी खुंटीवरची तिची ओटी काढून माझ्या हातात दिली. जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन विरलेली, नाड्यांना तेवढी नवी चिंधी जोडलेली.

ती ओटी पिशवीत घालून मी यवतमाळला येण्याआधी तांड्यावर गेले. पारू आता आजी झाली आहे. चुलीपुढं बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, भाऊजींचं, पट्टीचं, केसतुडाचं. म्हटलं, तुझी चूक नव्हती, तुझं अंग खोटं नव्हतं, सिंधूचं ऑपरेशनच झालं नव्हतं. मला वाटत होतं, ती सिंधूवर रागावेल, नाहीतर रडेल. तिनं चुलीत काडी सरकवली.

"सिंधूबाईनं मले तवाच सांगतलं होतं," ती म्हणाली. "माह्या आंथरुनापाशी बसून सांगतलं. कोनाले सांगू नोको म्हने, मी नाही सांगतलं."

 मग पारूनं माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "पन बाई, तुमचं तं झालतं ना? तुमचं पोट दुखत व्हतं ना? मंग तिचं काहून सांगतलं मले? तुमचं काहून नाही सांगतलं?"

 तिनं चहा दिला, तो मी प्याले आणि उठले.

ओटी आता माझ्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खिळ्याला आहे. सून विचारते, हे फडकं धुवायला टाकू का? मी नको म्हणते. परवा घरात कुणी नसताना मी ती कमरेला बांधून पाहिली. रिकामीच होती, तरी नाडी आवळताना माझा हात आपोआप बेंबीखाली जाऊन वणावर बसला. दुखत होतं, पारू. खूप दुखत होतं. थंडी पडली की अजून दुखतं.