दाराशी काढलेल्या चपला

कमानिया गेटजवळच्या बाजारात नव्या रबरी चपलांचा वास आला की मला गोविंदभैया आठवतात.

तेव्हा मी घमापुरातल्या एका मिशनच्या निवाऱ्यात स्वयंपाक करायची. फुटपाथवरून आलेल्यांना तिथं खाट आणि जेवण मिळे. फुटपाथवर चपला चोरीला जातात, म्हणून तिथूनच आलेले गोविंदभैया इथंही त्या उशाला घेऊन झोपत. नवी उशी पायथ्याशी पडलेली. मी कुरकुरले की निवारा चालवणाऱ्या सिस्टर म्हणत, "रहने दो, बेटी."

एका सकाळी चहा घेऊन गेले, तर खाट रिकामी आणि चपलाही नाहीत. गेला हा माणूस, मला वाटलं.

धावत दाराशी आले. सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत त्यांची तारेनं बांधलेली जोडी होती, आणि ते अनवाणी व्हरांडा झाडून राहिले होते.

"भैया, चपला इथं काहून काढल्या?"

"घरात कोनी चपला घालून फिरते काय, ताई?"

सिस्टरांनी ते ऐकलं आणि सरळ जाऊन प्रार्थनेची घंटा वाजवली. कितीतरी वेळ वाजवत राहिल्या.

तेव्हा मला वाटलं, सिस्टरांची वेळ चुकली. आज वाटतं, तीच वेळ होती.